बारा कॅरेटचा पांढरा वर्ख: सच्छिद्र सोन्याच्या प्रयोगाला कितपत चालतो?

तसबिरीच्या चौकटी आणि देव्हाऱ्याची नक्षी मढवायला पांढऱ्या सोन्याचा जो वर्ख मिळतो, त्याच्या २५ पानांच्या वहीचं हे परीक्षण आहे. मात्र ते मढवणाऱ्यांसाठी लिहिलेलं नाही. सोलापुरात एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी. करणाऱ्या, सच्छिद्र सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांचं फेमटोसेकंदातलं (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) वागणं मोजायला निघालेल्या मंडळींना नमुना तयार करायचा असतो. त्यांना ही वही उपयोगी पडते का, कुठं दगा देते आणि घेताना काय बघायचं, एवढाच प्रश्न इथं आहे.

निकाल आधीच सांगतो. व्हॅक्यूम चेंबर नाही, स्पटरिंगचं (धातूचे अणू उडवून पातळ थर बसवणारं) यंत्र नाही, फक्त फ्यूम हूड (आम्लाची वाफ बाहेर ओढणारं कपाट), काचेची भांडी आणि चांगला तराजू आहे, अशा प्रयोगशाळेसाठी याहून बरा कच्चा माल आम्हाला माहीत नाही. पण वेष्टनावर छापलेल्या जाडीवर आणि कॅरेटवर भरवसा ठेवून पुढं गेलात तर लेसरवर मोजलेले आकडे वाया जातील. का, ते खाली येतंच.

या वर्खाचं मर्म सराफ बाजारातल्या कुणालाही चटकन कळेल. सांगोला, आटपाडी, विटा या पट्ट्यातले गलाई कारागीर देशभर हेच काम करतात: हिणकस सोन्यात चांदी मिसळायची, पातळ करायचं आणि तेजाबात टाकायचं. तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल. चांदी विरघळून जाते, सोनं तपकिरी होऊन तळाशी उरतं. ती तपकिरी माती मुशीत वितळवली की पुन्हा पिवळी होते. वितळवण्याआधीच्या त्या तपकिरी अवस्थेत सोन्याचा अक्षरशः स्पंज झालेला असतो. गलाईवाल्याला तो नको असतो, आपल्याला नेमका तोच हवा असतो.

फरक प्रमाणात आहे. गलाईत साधारण एक भाग सोन्याला तीन भाग चांदी घेतात. वजनाऐवजी अणू मोजले तर यात चांदीचे अणू सुमारे ८५ टक्के होतात. चांदी पूर्ण निघते, पण उरलेलं सोनं हातात धरण्याजोगं राहत नाही, भुगा होतो. बारा कॅरेटच्या वर्खात सोनं आणि चांदी वजनानं निम्मी-निम्मी असतात. चांदीचा अणू सोन्याच्या अणूच्या जवळपास निम्म्या वजनाचा असल्यामुळं अणूंच्या हिशेबात चांदी ६५ टक्के आणि सोनं ३५ टक्के भरतं. आम्लाला आतपर्यंत वाट मिळायला चांदीचे अणू ५५ टक्क्यांच्या आसपास तरी लागतात. १४ कॅरेटला हा आकडा ५७ च्या जवळ, म्हणजे अगदी काठावर. १८ कॅरेटला ३८, म्हणजे आम्ल वरवर चाटून थांबणार. बारा कॅरेट हा मधला मुक्काम आहे: चांदी निघते आणि पानही एकसंध राहतं. सोनं आणि चांदी यांच्या स्फटिकांतलं अंतर जवळपास सारखंच आहे, ४.०८ आणि ४.०९ अँगस्ट्रॉम. त्यामुळं ही दोन कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात आणि पानात चांदीचे वेगळे ठिपके पडत नाहीत.

चांदी निघताना नुसती भोकं पडत नाहीत. उघडे पडलेले सोन्याचे अणू आम्लाच्या संपर्कात पृष्ठभागावर सरकतात, एकमेकांना बिलगतात, आणि त्या सरकण्यानं खालची चांदी पुन्हा उघडी पडते. असं करत तंतू आणि पोकळ्यांची जाळी आरपार विणली जाते. ही यंत्रणा २००१ साली एर्लेबाकर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडली. मढवायचा वर्ख आम्लावर तरंगवून असं पान करण्याची रीतही त्याच संशोधकाच्या गटानं २००४ मध्ये प्रसिद्ध केली. आज जगभर हीच रीत चालते, कारण तिला खर्च कमी आहे आणि पान मुळातच सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचं असल्यामुळं प्रकाश आरपार मोजता येतो.

आता वहीकडं. नेहमीचं पान ८ सेंटिमीटर बाय ८ सेंटिमीटर असतं. जाडी १०० नॅनोमीटर धरली आणि या मिश्रधातूची घनता १३.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर घेतली, तर एक पान ८.७ मिलिग्रॅम भरतं आणि त्यात सोनं ४.३५ मिलिग्रॅम. पूर्ण वहीत सोनं सुमारे १०९ मिलिग्रॅम, म्हणजे त्या दिवशीच्या दहा ग्रॅमच्या भावाचा ९२ वा भाग. वहीची किंमत याच्या काही पट असते आणि ती कुटाईची मजुरी आहे. त्यात गैर काही नाही. पण घासाघीस करताना हा आकडा पाठ असावा.

घेताना पहिली अट: सुटं पान मागा. कागदाला दाबून चिकटवलेलं, 'ट्रान्सफर' म्हणून विकलं जाणारं पान घेऊ नका. मढवणाऱ्याला ते सोयीचं जातं, पण ते कागदावरून सुटताना फाटतं आणि काही वेळा मेणाचा थर सोबत आणतं. मेणावर आम्ल चालत नाही आणि जिथं मेण तिथं पान पांढरंच राहतं. दुसरी अट: 'पांढरं सोनं' एवढ्या शब्दावर माल घेऊ नका. काही वर्खात पांढरेपणा पॅलेडियमचा असतो. विक्रेत्याकडून 'फक्त सोनं आणि चांदी, निम्मं-निम्मं' असं लेखी घ्या. मिठाईवरचा चांदीचा वर्ख चालत नाही, तो आम्लात पूर्ण नाहीसा होतो. स्वस्त 'सोनेरी वर्ख' बहुधा तांबं-जस्ताचा असतो. तोही विरघळतो आणि आम्ल हिरवट-निळं होतं. २२ कॅरेटच्या पानाला काहीच होत नाही, ते पिवळंधमक तरंगत राहतं. म्हणून वही आली की कोपऱ्यातला नखाएवढा तुकडा आम्लाच्या थेंबावर टाका. एक-दोन मिनिटांत पांढऱ्याचा तांबूस तपकिरी झाला आणि तुकडा अखंड राहिला, तर माल बरोबर आहे.

कस तपासायला पान हॉलमार्किंग केंद्रावरच्या एक्स-रे यंत्राखाली तसंच ठेवण्यात अर्थ नाही. १०० नॅनोमीटरमधून किरण आरपार जातात आणि यंत्र खालच्या बैठकीचं मोजमाप करतं. दोन-तीन पानांची घट्ट गोळी वळा, ती दाबून चपटी करा, मग दाखवा. सोन्याचं प्रमाण ४८ ते ५२ टक्क्यांत आलं तर पुढं जायला हरकत नाही.

जाडीसाठी तराजू पुरतो. पाच पानं पातळ कागदांसकट तोला, पानं काढून कागद परत तोला, वजाबाकीला पाचनं भागा. ०.१ मिलिग्रॅमचा तराजू या कामाला बास. पान १२ मिलिग्रॅम भरलं तर सरासरी जाडी १३८ नॅनोमीटर आहे, वेष्टनावर काहीही छापलेलं असो. तेच पान ट्यूबलाइटसमोर धरलं की सुईच्या टोकाएवढी भोकं चांदण्यांसारखी दिसतात. कुटलेल्या पानात थोडी भोकं असणारच. तळहाताएवढ्या भागात दहा-बारा असतील तर चालवून घ्यावं. चाळणी झाली असेल तर वही परत करावी.

एप्रिल-मेच्या सोलापुरात या पानाशी झटापट करणं हे वेगळंच प्रकरण आहे. हवा इतकी कोरडी असते की पान चिमट्याला, कागदाला, हातमोज्याला स्थिर विद्युतानं चिकटतं आणि स्वतःवरच गुंडाळलं जातं. एकदा गुंडाळलेलं पान उलगडत नाही. पंखा आणि कूलर बंद ठेवा. टेबलावर ओलं फडकं अंथरा. पान उघड्यावर कापूच नका. वरखालच्या कागदांसकट, नवीन सर्जिकल पात्यानं, पट्टी दाबून धरून २ बाय २ सेंटिमीटरचे तुकडे करा. पातं जुनं असेल तर कडा ओढली जाते आणि तिथूनच पुढं चीर पडते. काही वह्यांच्या कागदाला पान चिकटू नये म्हणून लाल पूड लावलेली असते, ती लोहाची भस्म असते. पुडीची बाजू वर राहील असं पान ठेवा आणि तरंगवल्यावर ती पूड पानावर राहिली आहे का ते भिंगातून पाहा. अशी वही शक्यतो टाळलेलीच बरी.

आम्ल ६८ ते ७० टक्क्यांचं, शुद्ध दर्जाचं लागतं. बाजारातलं पिवळसर तेजाब कामाचं नाही, कारण त्यात क्लोराइड असतं. क्लोराइडनं दुहेरी नुकसान होतं. विरघळलेल्या चांदीशी मिळून चांदीचं क्लोराइड बनतं आणि पांढरा साका छिद्रांत बसतो. शिवाय नायट्रिकसोबत क्लोराइड सोन्यालाही सोडत नाही, तंतू झपाट्यानं जाड होतात. पाण्याच्या बाबतीतही हेच. नळाचं पाणी उजनीचं असो की बोअरचं, धुवायला वापरायचं नाही. बॅटरीचं पाणी म्हणून जे कॅन मिळतात, त्यांत सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून बघा. दूधट ढग आला तर ते कॅन बॅटरीलाच ठेवा.

कृती अशी. ७ सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या पेट्री डिशमध्ये १५ ते २० मिलिलीटर आम्ल, फ्यूम हूडखाली. पानाचा तुकडा स्वच्छ काचपट्टीवर सरकवा. पट्टी ३० अंशांच्या तिरकसपणे हळूहळू आम्लात उतरवा. आम्ल पानाच्या कडेखाली शिरतं आणि पान आपोआप पृष्ठभागावर तरंगतं. कागदासकट तरंगवायचा मोह आवरा, सांद्र नायट्रिक कागद खाऊन टाकतं आणि त्याचे धागे पानाला चिकटतात. पट्टी घाईनं बुडवली तर पान खाली ओढलं जातं आणि बुडालेलं पान सपाट वर येत नाही.

पाच मिनिटांत १०० नॅनोमीटरचं पान आरपार सच्छिद्र झालेलं असतं. तंतू त्या वेळी १० नॅनोमीटरच्या आसपास असतात. तसंच ठेवलं तर काही तासांत ते २० ते ३० नॅनोमीटरपर्यंत जाड होतात, कारण पृष्ठभागावरचे सोन्याचे अणू आम्लात सरकतच राहतात. हे सरकणं तापमानाबरोबर वेगानं वाढतं. 'खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं' अशी एखाद्या शोधनिबंधातली सूचना २० अंशांच्या खोलीतली असते. मे महिन्यात दुपारी आपल्याकडं पंखा बंद असलेल्या खोलीचा पारा ४० च्या घरात असतो. तीच ३० मिनिटं इथं वेगळाच नमुना देतात. म्हणून डिश बर्फाच्या थाळ्यात ठेवा, तापमापी शेजारी ठेवा आणि नोंदवहीत वेळेसोबत तापमानही लिहा. एवढी एक शिस्त पाळली तर दोन महिन्यांतले नमुने एकमेकांशी ताडून बघता येतात. बारीक तंतू हवे असतील तर थंडावा हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

सगळ्यात जास्त पानं धुताना फाटतात. आम्लावर निवांत पडलेलं पान पट्टीवर उचलून थेट शुद्ध पाण्यावर सोडलं की पृष्ठताणातल्या फरकामुळं ते चारी बाजूंनी ताणलं जातं आणि डोळ्यांदेखत त्याचे तुकडे चौफेर पळतात. यावर उपाय असा की पान हलवायचंच नाही. डिशच्या तळाशी काचेची नळी धरून सिरिंजनं ५ मिलिलीटर आम्ल काढा, दुसऱ्या सिरिंजनं कडेनं ५ मिलिलीटर पाणी सावकाश सोडा. हे आठ-दहा वेळा करा. पाऊण तास जातो, पण पान अखंड राहतं. शेवटी ज्या काचेवर किंवा क्वार्ट्झवर नमुना हवा, ती पट्टी खालून वर आणून पान झेलायचं आणि उभं धरून निथळू द्यायचं.

इथं दुसरी चीर पडते. चांदी गेल्यावर पान आकसू पाहतं. जाड पत्र्यांत हे आकसणं घनफळाच्या ३० टक्क्यांपर्यंत गेल्याचं नोंदलेलं आहे. काचेला घट्ट बसलेलं पान आकसू शकत नाही, मग ते तडकतं. म्हणून चांदी काढण्याचं काम तरंगत्या पानावरच पूर्ण करायचं, आधी काचेला चिकटवून मग आम्लात बुडवायचं नाही. काचेवर पकड बरी हवी असेल तर मर्कॅप्टोप्रोपिल सिलेननं काच आधी तयार करून घ्या. त्यातलं गंधक सोन्याला धरून ठेवतं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण नीट वाचा. एका पूर्ण पानातून निघणारा तपकिरी वायू जेमतेम एक मिलिलीटर असतो. खरा धोका बाटलीतल्या आम्लाचा आहे. पातळ नायट्राइल हातमोजे सांद्र नायट्रिकपुढं टिकत नाहीत, निओप्रीनचे घ्या. ॲसिटोन आणि अल्कोहोल त्या हूडमध्ये त्या वेळी नकोच, नायट्रिकशी गाठ पडली तर स्फोट होतो. उरलेल्या द्रवात चांदी आहे, तो मोरीत ओतू नका. पातळ करून मिठाचं पाणी घाला, खाली बसलेला साका वेगळा साठवा.

आता हे सगळं ज्यासाठी, त्याकडं वळू. लेसरचा एक झोत (पंप) पानाला तापवतो, थोड्या वेळानं येणारा दुसरा, मंद झोत (प्रोब) त्यामुळं पानातून जाणाऱ्या प्रकाशात झालेला बदल मोजतो. हा बदल म्हणजेच सिग्नल. फेमटोसेकंद लेसरचा झोत सोन्यावर पडला की ऊर्जा आधी इलेक्ट्रॉनांना मिळते, स्फटिकाला नाही. पहिले काही शे फेमटोसेकंद इलेक्ट्रॉन आपसांत धडकून ती वाटून घेतात, मग त्यांना एक तापमान आहे असं म्हणता येतं. पुढच्या काही पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद) ते ही ऊष्मा स्फटिकाच्या कंपनांना देतात. ३०० केल्व्हिनला इलेक्ट्रॉनांची उष्णताधारकता स्फटिकाच्या शंभराव्या हिश्शाहूनही थोडी कमीच असते. पातळ पत्र्याचा तवा आणि बिडाचा तवा यांत जो फरक, तोच इथं: तेवढ्याच ऊर्जेत इलेक्ट्रॉन हजार अंशांवर जातात, स्फटिक दहा-पंधरा अंशांनी तापतं.

सच्छिद्र पानात हीच गोष्ट जास्त ठळक होते आणि त्याचं मुख्य कारण साधं आहे. आकसणं नगण्य धरलं तर पानात धातू उरतो फक्त ३५ टक्के. समजा दोन पानांनी, एक घट्ट सोन्याचं आणि एक सच्छिद्र, दोन्ही १०० नॅनोमीटर, दर चौरस सेंटिमीटरला १०० मायक्रोज्यूल एवढी ऊर्जा शोषली. इलेक्ट्रॉनांच्या उष्णताधारकतेचा गुणांक दर घनमीटर, दर केल्व्हिन वर्गाला ७० ज्यूल घेतला, तर घट्ट पानातले इलेक्ट्रॉन साधारण ६१० केल्व्हिनपर्यंत आणि सच्छिद्र पानातले ९५० केल्व्हिनपर्यंत जातात. स्फटिक शेवटी तापतं ते अनुक्रमे ४ आणि ११ अंशांनी. इलेक्ट्रॉन जितके गरम, तितकी त्यांची धारकता मोठी आणि तितका थंड व्हायला वेळ जास्त. कंपनांशी जोडणीचा गुणांक दोन्हीकडं एकच, सोन्याचा नेहमीचा, दर घनमीटर दर केल्व्हिन २ गुणिले १० चा १६ वा घात वॅट, एवढा धरला तरी सुरुवातीचा थंड होण्याचा काळ घट्ट पानात २ पिकोसेकंदांच्या जवळ आणि सच्छिद्र पानात ३ च्या पुढं येतो.

तराजूचा आग्रह का, ते इथं कळतं. सच्छिद्र पानातला सिग्नल हळू उतरला म्हणजे नवं भौतिकशास्त्र सापडलं असं नाही. त्यातला बराच भाग 'तेवढीच ऊर्जा, कमी धातू' एवढ्यानंच समजावता येतो. तंतूंमुळं जोडणीच बदलली, असं म्हणायचं असेल तर जाडी, उरलेला धातू आणि शोषलेली ऊर्जा हे तिन्ही स्वतंत्रपणे मोजलेले हवेत. पूर्ण पान काचेवर उचलण्याआधी आणि नंतर काच तोला. ८.७ चं ४.८ मिलिग्रॅम झालं तर सुमारे अर्धा मिलिग्रॅम चांदी आत उरली आहे. ऊर्जा पाच-सहा पायऱ्यांत कमी करत न्या, प्रत्येक पायरीचा उतरण्याचा काळ काढा आणि रेषा शून्य ऊर्जेपर्यंत वाढवा. घट्ट सोन्यात ती १ पिकोसेकंदाच्या आसपास येऊन टेकते. सच्छिद्र पानाचीही तिथंच आली, तर जोडणी तीच आहे. वेगळी आली, तरच लिहिण्याजोगं काही हाती लागलं.

तंतूंचा स्वतःचा परिणाम नाहीच, असंही नाही. सोन्यात इलेक्ट्रॉन दोन धडकांमध्ये सरासरी ३८ नॅनोमीटर जातो. तंतू १० ते ३० नॅनोमीटरचे, म्हणजे तो वाटेत भिंतीवरच आपटतो. घट्ट पानात पृष्ठभागावर मिळालेली ऊर्जा वेगवान इलेक्ट्रॉन शंभरेक नॅनोमीटर आत पोचवतात, जाळीत मात्र वाट वाकडीतिकडी आहे. म्हणून पानाच्या दोन्ही बाजूंनी मोजणी करून बघण्यासारखी आहे आणि सुट्या पानाचा मोठा फायदा हाच की ते धातूच्या जाळीवर अधांतरी बसवता येतं.

सोलापूरहून नमुना बहुधा पुण्या-मुंबईच्या लेसरपर्यंत न्यावा लागतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर नेताना काचा उभ्या खाचांच्या डबीत ठेवा. डबीत रबर किंवा वर्तमानपत्राची रद्दी नको, गंधकाची वाफ सोन्याला लगेच धरते. सच्छिद्र सोन्याचा पृष्ठभाग हवेतली सेंद्रिय घाणही फार लवकर ओढतो, तेव्हा चांदी काढल्यापासून चार-पाच दिवसांत मोजणी व्हावी असा मेळ घाला. आम्लात न टाकलेली वहीसुद्धा हवाबंद पिशवीत ठेवा, तिच्यात निम्मी चांदी आहे आणि ती काळवंडते.

लेसरवर गेल्यावर या पानाच्या तीन खोडी दिसतात. पहिली जागेची. कुटाईमुळं पान सगळीकडं सारखं जाड नसतं. २०० मायक्रोमीटरचा झोत चिरेवर पडला की प्रोबचा बराच प्रकाश नुसता गळून येतो आणि सिग्नल खोटा लहान दिसतो. आधी सूक्ष्मदर्शकाखाली तीन निर्दोष जागा निवडून काचेच्या मागं शाईनं खुणा करा. दुसरी उष्णतेची. जाळीतून उष्णता सावकाश निघते, अधांतरी पानातून तर फक्त कडेकडंनं. ८० मेगाहर्ट्झच्या लेसरवर दोन झोतांमध्ये १२.५ नॅनोसेकंद मिळतात, ते अजिबात पुरत नाहीत. १ किलोहर्ट्झवर बहुधा निभावतं. खात्रीसाठी प्रोब पंपाच्या आधी येईल अशा वेळेवर सिग्नल पाहा. तो शून्य नसेल तर उष्णता साचते आहे. तिसरी नुकसानीची. जास्त ऊर्जेला तंतू एकमेकांत मिसळून जाड होतात आणि हा बदल परत फिरत नाही. प्रत्येक जास्त ऊर्जेच्या मोजणीनंतर सगळ्यात कमी ऊर्जेची मोजणी पुन्हा करा. आधीच्या रेषेवर बसली नाही तर ती जागा सोडा.

प्रोबचा रंग ५२० नॅनोमीटरच्या दोन्ही बाजूंना पसरलेला घ्या. सोन्यात खालच्या पट्ट्यातून वर उडी मारायला २.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळपास लागतात, म्हणजे हाच रंग. गरम इलेक्ट्रॉनांचा ठसा इथंच सगळ्यात स्पष्ट उमटतो आणि सिग्नलचं चिन्हही इथंच पालटतं. शून्य वेळेच्या (दोन्ही झोत एकदमच पोचतात त्या क्षणाच्या) आसपास शंभर-दोनशे फेमटोसेकंदांत जो काटेरी उंचवटा येतो, तो पुष्कळदा खालच्या काचेचा असतो. नुसती काच ठेवून तो वेगळा मोजून ठेवा. दूरच्या वेळांवर हलकी लाटही दिसते, ती पानाच्या जाडीतून जाणाऱ्या ध्वनीची. १०० नॅनोमीटरच्या घट्ट सोन्यात तिची एक फेरी सुमारे ६० पिकोसेकंदांची. सच्छिद्र पानात फेरी लांबते, कारण घनतेपेक्षा ताठपणा जास्त घटलेला असतो.

पर्याय म्हणून गलाई कारागिराकडून निम्मं-निम्मं मिश्रण वितळवून रोलरमधून पट्टा काढून घेता येतो. धातू भरवशाचा मिळतो, कस डोळ्यांसमोर होतो. पण रोलरनं पट्टा काही दशक मायक्रोमीटरच्या खाली सहजी उतरत नाही. त्यातून प्रकाश आरपार जात नाही, फक्त परावर्तन मोजता येतं, आणि आकसताना भेगा हमखास पडतात. उत्प्रेरकाच्या किंवा संवेदकाच्या कामाला तो उत्तम, या कामाला नाही. स्पटरिंगनं सोनं-चांदी एकत्र बसवलेला थर जाडीला पक्का आणि सगळीकडं सारखा असतो. ज्यांना ती सोय आहे, त्यांनी वर्खाच्या वाटेला जाऊ नये.

वही घ्यायची असेल तर एकाच घाण्याच्या दोन घ्या. पहिलीतली दहा-बारा पानं हात बसेपर्यंत फुकट जातात, आणि दुसऱ्या घाण्याची वही आली की जाडी, कस, भोकं हे सगळं तपासणं पहिल्यापासून करावं लागतं. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या वेळी काम ठेवलंत तर बर्फही कमी लागतो.